हळदीच्या पेठेतली शुगर

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाची शुगर बॉर्डरवर आली की औषध सांगणाऱ्यांची रांग लागते. पोती उतरवता उतरवता हमालमामा म्हणाले, "हळदीच्या पेठेत बसता दिवाणजी, रोज चमचाभर दुधातनं घ्या की!" शेजारच्या दुकानातल्या मालकांनी गुडमारचं चूर्ण सुचवलं, मेव्हण्यानं जांभळाच्या बियांची पावडर पाठवली, बायकोच्या मावशी कारल्याच्या रसावर ठाम आहेत. माझी एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरनं गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.१ टक्के आली आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढं मधुमेह. या सगळ्यांची माया खरी आहे, म्हणूनच प्रत्येक सल्ला मी मनापासून तपासून बघतोय.

हळदीवर माझा जीव आहे, तेव्हा सुरुवात तिथनंच केली. २०१२ साली थायलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रीडायबेटिस असलेली २४० माणसं, नऊ महिने. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी कुणालाच मधुमेह झाला नाही, नुसत्या दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना झाला. वाचून आनंद झाला, मग डोस बघितला: दिवसाला दीड ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते साधारण तीन टक्के धरलं, तर दीड ग्रॅमसाठी पन्नास ग्रॅम हळद लागते. दुकानातल्या छोट्या काट्यावर पन्नास ग्रॅम पावडर तोलून कागदावर ओतली. आमच्या घरात चौघांच्या भाजी-आमटीला तेवढी आठवडाभर पुरते. दुधातल्या चमचाभर हळदीकडनं त्या कॅप्सूलचं काम होणार नाही, हे त्या ढिगाकडं बघून कळतं.

आणि कॅप्सूल ही पुन्हा वेगळीच चीज. कर्क्युमिन पोटातनं रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. अलीकडं अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या लिव्हरला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. पिढ्यान् पिढ्या आपण खातोय ती फोडणीतली हळद. कॅप्सूलमधल्या एवढ्या अर्काचा अनुभव कुणाच्या आजीकडं नाही.

गुडमारचा पाला मात्र मी स्वतः चावून बघितला. ओळखीच्या वैद्यांच्या परसात वेल आहे. दोन पानं चावली, कडवट लागली, थुंकून चूळ भरली. मग त्यांनी हातावर साखर ठेवली. जिभेवर वाळू! दाणे कळतात, गोडी नाही. तासगावचा बेदाणा खाल्ला तर नुसता आंबट. पानातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जाणीव थोडा वेळ झाकून टाकतात. गोड खायची ओढ मोडायला याचा उपयोग होईल असं मला वाटतं. पण जिभेला गोड लागलं नाही म्हणून साखर रक्तात जायची थांबत नाही. रक्तातल्या साखरेवर गुडमारचे अभ्यास आहेत, पण छोटे.

मेथीवर माझा जास्त विश्वास बसला, कारण तिचं काम समजतं. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो ना, तो तिच्यातला विरघळणारा तंतू. त्यानं जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. भारतातच प्रीडायबेटिस असलेल्या १४० जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, रोज दहा ग्रॅम मेथी देऊन, आणि मधुमेहाकडं जाणाऱ्यांचं प्रमाण मेथी घेणाऱ्यांत बरंच कमी निघालं. आमच्याकडं आता ज्वारीच्या पिठात मेथीची पूड मिसळतात. भाकरी जराशी कडू होते, कांद्याबरोबर चालते.

एका गोष्टीची मात्र मला खरीच भीती वाटते. बिनलेबलचं चूर्ण, "आठ दिवसांत शुगर उतरेल" म्हणून विकलेलं. आमच्या गल्लीतल्या एका काकांची साखर त्यानं इतकी झपाट्यानं उतरली, की घाम फुटून ते ओट्यावरच बसले. गूळपाणी दिल्यावर सावरले. त्या पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही. पण 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या चूर्णांत ॲलोपॅथिक गोळ्यांची भुकटी सापडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहेत. झाडपाला इतक्या झटपट साखर उतरवू लागला तर आधी संशय घ्यावा. शिवाय झाडपाला म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीत आहे आणि ती वनस्पती खाऊन मेंढ्या दगावतात.

अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी घटवून आठवड्याला दीडशे मिनिटं चालणाऱ्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. म्हणून रात्री जेवण झालं की मी आयर्विन पुलाकडं निघतो.

सध्या मेथी आणि चालणं, एवढंच. जांभळाची पावडर फडताळात तशीच ठेवलीय. सगळं एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला ते कळणार कसं? तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळं एचबीएवनसी तीन महिन्यांनीच परत करायची. ज्यांना आधीच शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मेथी, कारलं, गुडमार यातलं काहीही औषध म्हणून वाढवण्याआधी तो डबाच डॉक्टरांपुढं नेऊन ठेवावा. नुसतं "काहीतरी आयुर्वेदिक घेतोय" एवढ्यावर त्यांनाही काही ठरवता येत नाही.