कुंडलिनी योग: सुरुवातीच्या टप्प्याची नोंद

कुंडलिनी योग, म्हणजे कण्याच्या तळाशी सुप्त मानलेली शक्ती जागी करण्याचा सराव, नव्याने सुरू करणारे सगळ्यात आधी विचारतात, "काही जाणवलं का?" मला पाठीतून वीज गेल्यासारखं काही झालेलं नाही आणि मी त्याची वाटही पाहत नाही. श्वास लांबलाय, कणा मोकळा झालाय आणि बसल्या जागी मन थोडं जास्त वेळ टिकतंय. एवढ्यावरही मी फार खूश आहे.

मी करते ती पद्धत हरभजनसिंग खालसा, म्हणजे योगी भजन, यांनी १९६८ नंतर अमेरिकेत शिकवलेली. सुरुवातीला 'ओंग नमो गुरुदेव नमो' तीन वेळा, मग अंग मोकळं करणं, एक ठरलेली क्रिया (आसन, श्वास आणि मंत्र यांचा नेमलेला सराव), शवासन आणि शेवटी ध्यान. या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने २०२० मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त असल्याचं म्हटलं. म्हणून मी क्रिया घेते, व्यक्तिपूजा घेत नाही. शिवाय कुंडलिनी ही काही त्यांची मिरास नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर, उड्डियान हे बंध (ठरावीक ठिकाणी शरीर आवळून धरणं) आणि कुंडलिनीचं जागं होणं, सगळं आपल्या भाषेत आहे. तो भाग सराव सुरू केल्यावर परत वाचला तर कितीतरी जास्त उलगडतो.

आता खरा मुद्दा, अग्निश्वास, म्हणजे एका लयीत भरभर चालणारा श्वास. इथे घाई अजिबात नको. नाकाने, सेकंदाला दोन ते तीन वेळा, आणि घेणं-सोडणं दोन्ही सारख्याच जोराने. कपालभातीत झटका फक्त उच्छ्वासाला असतो, श्वास आपसूक आत येतो. ज्यांच्या अंगात कपालभाती मुरलीये त्यांना हा फरक जड जातो: सोडणं जोरात होतं, घेणं अपुरं राहतं आणि थोड्याच वेळात डोकं हलकं पडतं. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी. तोंड उघडायचं, जीभ बाहेर काढायची आणि धापा टाकायच्या. लय सापडली की तोंड मिटून तीच लय नाकातून चालू ठेवायची. एक हात बेंबीवर असू द्या. सोडताना पोट आत, घेताना बाहेर, आणि खांदे जागच्या जागी. खांदे उडायला लागले की मी थांबते, घड्याळात कितीही वेळ उरलेला असो. गरोदरपणात, पाळीच्या पहिल्या दिवसांत, रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार किंवा अपस्मार असेल तर अग्निश्वास करू नये, साधा दीर्घ श्वास घ्यावा. पोट रिकामं हवं हे वेगळं सांगायला नको.

पाठीसाठी सुखासनात बसून घोटे धरायचे, श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ मागे गोल. डोकं मात्र स्थिर, हनुवटी जमिनीला समांतर. मान डुलवली की हालचाल मोठी दिसते, पण कंबरेखालचा कणा तसाच राहतो. डोकं थांबवल्यावर कंबर खरंच हलायला लागली, हा मला सुरुवातीच्या काळातला सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

ध्यानासाठी कीर्तन क्रिया घेतलीये. सा-ता-ना-मा म्हणत अंगठा अनुक्रमे तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि करंगळीवर दाबायचा. दोन मिनिटं मोठ्याने, दोन कुजबुजत, चार मनात, मग पुन्हा दोन कुजबुजत आणि दोन मोठ्याने, अशी १२ मिनिटं. मनातल्या चार मिनिटांतच कस लागतो. विचार भरकटला की आधी बोटांचा दाब सैल पडतो, मग मंत्र सुटतो. म्हणून मी लक्ष अंगठ्यावरच ठेवते, नखाची कड पांढरी होईल इतपत दाब. ३१ मिनिटांचा पूर्ण प्रकार अजून दूर आहे.

चाळीस दिवस एकच क्रिया सलग करायची असते, मध्ये एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पहिल्यापासून. नवख्याला हे जाचक वाटेल, पण मला ही शिस्त पटते. रोज क्रिया बदलली की आज श्वास चांगला होता की क्रियाच सोपी होती, हे कळत नाही. कमी वेळ चालेल, तीन मिनिटं चालतील, पण क्रिया तीच हवी.

पुढे सत् क्रिया सुरू करणार आहे: वज्रासनात, हात डोक्यावर सरळ, 'सत्'ला बेंबी आत ओढायची, 'नाम'ला सोडायची. तीही तीन मिनिटांपासूनच, आणि नंतर भरपूर शवासन. वज्रासनात गुडघे कुरकुरणाऱ्यांनी बैठकीखाली काय घेतलंय, ते जरूर सांगा.