एका 'ही'ची किंमत

सोसायटीचा सेक्रेटरी होऊन मला दीड वर्ष झालं (दुसरं कोणी तयारच होईना म्हणून झालो, तो विषय वेगळा). तर दिवाळीच्या आधी ग्रुपवर मेसेज टाकला, "काही सभासदांनी अजूनही मेंटेनन्स भरलेला नाही, आम्ही व्याज लावू." व्याज आमच्या उपविधीत आहेच, मी काही मनाचं लिहिलं नव्हतं, पण दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन. "अजूनही म्हणजे काय हो? मी काय पैसे बुडवून पळणारे का?" म्हटलं काका, तुमचं नाव कुठे घेतलंय, तर म्हणे "नाव घ्यायला कशाला लागतं, कळतं ना."

चिडलो होतो खरं, पण मेसेज परत वाचला आणि वाटलं, बरोबर आहे त्यांचं. नुसतं "अजून भरला नाही" हे हिशोबाचं वाक्य झालं, त्याला "ही" लागला की किती वेळा सांगायचं तुम्हाला, हा सूर आपोआप येतो. आपल्या मराठीत ही शेपटं भारीच असतात. तूही ये, तूच ये, तू तरी ये... शेवटचं ऐकलं की माणूस निम्मा चपलेत पाय घालूनच बसतो.

त्याहून मोठा घोळ त्या "आम्ही"चा. हिंदीतल्या "हम"मध्ये सगळे खपून जातात, आपल्याकडे आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर आणि आपण म्हटलं की आत (गुजरातीतही अमे-आपणे आहे, तेलुगूत मेमु-मनम). म्हणजे मी एका शब्दात कमिटी इकडे आणि काका तिकडे करून टाकले होते.

पुढच्या वेळी लिहिलं, "आपल्याला १० तारखेला लिफ्टवाल्याचे पैसे द्यायचेत, ज्यांचा मेंटेनन्स राहिलाय त्यांनी तेवढं बघा प्लीज." मी आधी "थकलाय" लिहिलं होतं, बायको म्हणाली राहिला म्हणजे माणूस विसरला असेल, थकला म्हणजे घरी बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं.

काका संध्याकाळी स्वतः चेक घेऊन आले, चहा घेतला, गप्पा मारल्या आणि निघताना दारात म्हणाले, "तेवढं मागच्या बिलातलं व्याज मात्र चुकलंय हो तुमचं." काढून बघितलं. खरंच चुकलं होतं, ४० रुपयांनी.