किनाऱ्याने येऊ की हायवेने?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गुहागरला आमच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. बुकिंगचं बोलणं संपलं की फोन ठेवता ठेवता हा प्रश्न येतोच : "काका, अलिबागहून समुद्राच्या कडेकडेने खाली आलो तर? नकाशात तर जवळच दिसतंय. उजेडात पोचू ना?"

सकाळी लवकर निघून वाटेत कुठे रमला नाहीत तर पोचाल. पण न रमता यायचं असेल तर किनाऱ्याने कशाला यायचं?

नकाशा अंतर दाखवतो, चढउतार दाखवत नाही. कोकण म्हणजे समुद्रालगतची सपाट पट्टी, असं घाटावरच्या बऱ्याच लोकांना वाटतं. तसं नाही. हाताचा पंजा बोटं फाकवून टेबलावर ठेवा. मनगट म्हणजे सह्याद्री, बोटं म्हणजे समुद्राकडे गेलेल्या डोंगरांच्या सोंडा आणि मधल्या फटी म्हणजे खाड्या. नद्या पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात आणि तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले. म्हणजे प्रत्येक बोट चढायचं, उतरायचं आणि फट ओलांडायची. वर सडा, म्हणजे पठार, शे-दोनशे मीटर उंचीचं, जांभ्याचं, बोडकं. तिथे रस्ता सरळ मिळतो म्हणून गाडी जरा पळते, की लगेच उतार, नागमोडी वळणं, माडाच्या बागा, दोन घरांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी गल्ली, समोरून एसटी. तासाला तीस किलोमीटर धरून चाला. मॅपवाली बाई काय सांगते ते सोडा.

अलिबागहून येताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी आणि दाभोळ-धोपावे अशा तीन जंगल जेट्ट्या, म्हणजे गाडीसकट खाडी पार करून देणाऱ्या बोटी, लागतात. पुढे गणपतीपुळ्याला जाणार असाल तर तवसाळ-जयगडची आणखी एक. दाभोळला उभं राहिलं की पलीकडचं धोपावे समोर दिसतं, बोटीने काही मिनिटांचं काम. तीच खाडी रस्त्याने ओलांडायची तर पार आत चिपळूणकडे जाऊन पुन्हा किनाऱ्याला यावं लागतं. जेट्टीला एक गोष्ट बघून ठेवा, ओहोटी आहे का. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो आणि बोटीची फळी जिथे टेकते तिथे बुटक्या गाडीचा तळ घासतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे जास्त. खलाशी हाताने इशारे करत असतो, त्याच्याकडेच बघा, मागे बसलेल्यांच्या सूचना ऐकू नका. कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. बोटीवर हँडब्रेक ओढून गिअर टाकून ठेवा.

हायवे, म्हणजे आपला मुंबई-गोवा 66 नंबर, हे सगळं टाळतो. नद्या रुंद व्हायच्या आत, डोंगराच्या बाजूनेच तो त्यांच्यावरून पुलाने जातो. काशेडीला आता बोगदा झाल्याने तो घाटही वाचतो. भोस्ते आणि परशुराम हे घाट मात्र आहेतच. चौपदरीकरणाबद्दल मी काही बोलत नाही, माझं वय झालं ते ऐकण्यात.

पुण्या-साताऱ्याकडून येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ते कराडहून कुंभार्लीने उतरतात. सह्याद्री देशाच्या बाजूने हळूहळू चढतो आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो. घाटमाथ्यापर्यंत चढ जाणवतच नाही आणि मग थोडक्या अंतरात सगळी उंची उतरायची. सबंध घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोफळीला जळका वास येणारच. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर अजिबात नको, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

पाऊसही सह्याद्रीच्या या भिंतीनेच वाटून दिलाय. समुद्रावरून आलेले ढग भिंतीला अडून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कराडला हजाराच्याही आत. त्यामुळे कराडला कोरडी हवा बघून निघालेला माणूस कुंभार्लीत बॉनेटच्या पुढचं दिसेना म्हणून फोन करतो. अशा वेळी काच आतून धुरकट होते, एसी लावून हवा काचेवर सोडा. खाली किनाऱ्याच्या दमट हवेत उलटं होतं. एसी फार गार ठेवला तर काच बाहेरून धुरकटते. तिथे वायपर एकदा फिरवला की झालं, आतून फडका मारत बसू नका.

जुलैत येऊ का, असंही विचारतात. या, पण रात्री गाडी चालवू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. समुद्र तिथून चाळीसेक किलोमीटर लांब, तरी भरतीचं पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणला लागून असलेल्या गोवळकोटपर्यंत येतं. वरून डोंगराचं पाणी आणि त्याच वेळी भरती, म्हणजे नदीला वाटच उरत नाही. म्हणून पावसाळ्यात मी पाहुण्यांना हवामानाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळही बघायला सांगतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणार असाल तर येताना किनाऱ्याने या, मध्ये हरिहरेश्वर नाहीतर आंजर्ल्याला मुक्काम करा आणि जाताना हायवेने जा. लहान मुलं किंवा गाडी लागणारं कुणी असेल तर दोन्ही वेळा हायवे. आणि दाभोळला शेवटची फेरी किती वाजता ते त्या दिवशी सकाळीच विचारून घ्या. ती चुकली तर जेवण झाकून ठेवीन, पण चिपळूणवरून फिरून यावं लागेल.