काकानं मोबाइलवर भगवानदादा पाहिला

वडशाला माझ्या काकाचा पानठेला आहे. जुनी माणसं अजूनही त्याला 'कामेडी' म्हणूनच हाक मारतात. धान चुरून झालं की पार शिमग्यापर्यंत हा माणूस रात्र रात्र झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप हसवायचा, आणि पहाटे घरी आला की दोन-दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. जेवणाचं ताट तसंच. हे काकूला पहिल्याच वर्षी कळलं, आम्हाला फार उशिरा.

परवा त्याला 'एक अलबेला' दाखवला, जुन्या हिंदी सिनेमातल्या नाचऱ्या भगवानदादांवरचा सिनेमा. २०१६ चा, मंगेश देसाई भगवानदादा, विद्या बालन गीता बाली. मला वाटलं, काकाला पडझडीची गोष्ट लागेल. गिरणी कामगाराचा पोरगा, १९५१ चा त्याचा गाजलेला सिनेमा 'अलबेला', जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, सात मोटारी, आणि शेवट दादरच्या चाळीत. (मला स्वतःला बंगल्यापेक्षा ती चाळच जास्त बघायची होती.)

काका अडकला तो 'शोला जो भडके' या दोघांच्या गाण्यापाशी. तीनदा मागं न्यायला लावलं.

"याले नको पाहू. तिले पाहा," म्हणाला. "बुटका जाडा मानूस कंबर हालवते. लोकं त्याले हासतीन का त्याच्यासंग नाचतीन, हे तिच्या तोंडावर ठरते."

खरी गीता बाली १९६५ साली देवीच्या आजारानं गेली. दादा २००२ पर्यंत होते. गणपतीची मिरवणूक चाळीसमोर थांबायची आणि म्हातारपणीही ते तीच पावलं टाकायचे.

काकाचा जोडीदार शेजारच्या गावचा. बाईचं काम करायचा. लुगडं, अंबाडा, चालणं असं की बाया तोंडाला पदर लावत. तो काविळीनं गेला. मग काकानं दोन हंगाम नट्यांसोबत काढले आणि पानठेला टाकला. टाळ्या काही कमी झाल्या नव्हत्या. विचारलं की गुडघे दाखवायचा.

"सुरुवातीले नावं येतेत, त्यात हिचं आलं का गा?"

"आलं ना काका. विद्या बालन आहे ती."

खर्रा घोटता घोटता त्याचा हात थांबला.

"आमच्या पोस्टरवर त्याचं कधी आलंच नाही. मीच सांगतलो होतो कंपनीले, जागा पुरत नाही म्हून."