न थांबणारी मेल

‘लहान स्टेशनवर मेल थांबत नाही,’ असं आपण इतकं सहज म्हणतो, की मेल म्हणजे मुळात टपाल, हे ध्यानातही येत नाही. टपालावरून जिचं नाव पडलं, तीच गाडी टपालाकडे डोळे लावून बसलेल्या गावाच्या तोंडावर धूळ उडवून जाते! मला हा मोठा अन्याय वाटायचा. पण न थांबताही टपाल देता-घेता येतं, हे नंतर कळलं.

१८३० मध्ये ब्रिटनमधल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेनं टपाल नेलं, तेव्हा थैली नुसतीच प्रवासी होती. १८३८ मध्ये तिथंच धावत्या डब्यात पत्रांची छाननी, म्हणजे गावांनुसार वर्गवारी, सुरू झाली. तो पहिला डबा घोडे नेण्याचा होता. घोड्यांच्या डाकेचं पोट मारायला निघालेल्या गाडीनं डबा घोड्यांचाच घ्यावा, हे मला फार आवडतं.

अमेरिकेतल्या खेड्यांत रुळांशेजारी एक खांब असे. त्यावर थैली टांगायची, कंबरेत आवळून, डमरूसारखी. गाडी आली की दारातला कारकून लोखंडी आकडा बाहेर काढून ती उचले आणि गावासाठी आणलेली थैली पायानं बाहेर लोटे. नेम चुकला तर थैली चाकाखाली आणि पत्रांचा भुगा. कुणाकुणाची किती उत्तरं अशी वाऱ्यावर गेली असतील!

पण खरी गंमत त्यापुढची. उचललेली थैली तिथंच उघडायची, उभ्या-उभ्या, हेलकावे खात. शेजारच्या गावचं पत्र शहराचा वळसा न घालता पुढच्याच स्टेशनला उतरायचं. त्यासाठी कुठलं खेडं कोणत्या फाट्यावर, हे कारकुनाला पाठ असावं लागे. आपल्याकडे १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर अशी छाननी सुरू झाली. एकाच नावाची गावं वेगळी ओळखायला पिनकोड आला तो १९७२ मध्ये, तोही श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीच्या डोक्यातून. तोवरची शंभरेक वर्षं हा नकाशा माणसांच्या डोक्यातच होता.

ब्रिटनमधली धावती देवघेव १९७१ मध्ये थांबली, अमेरिकेतला शेवटचा टपालडबा १९७७ मध्ये. गाडीचं नाव तेवढं राहिलं. एखादी मेल धडधडत निघून गेली, की मी अजून फलाटाच्या कडेला नजर टाकतो. थैली पडली असली तर?