बातोशला सायकलने जाणार असाल तर हायवे २२५ सोडू नका

बातोश म्हणजे कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं, १८८५ च्या लढाईचं ठिकाण. आधी मुद्द्याचं सांगते. रॉस्थर्न गावाहून ३१२ नंबरच्या हायवेने पूर्वेला निघालात, गॅब्रिएल्स ब्रिजवरून साउथ सस्कॅचवान नदी ओलांडलीत, की तसंच पुढे जाऊन २२५ च्या फाट्यालाच डावीकडे वळा. त्याआधी फोनने कुठेही वळायला सांगितलं तरी वळू नका. आम्ही वळलो. चार किलोमीटर वाचतील असं तो दाखवत होता, आणि नकाशात ती रेघ हायवेसारखीच स्वच्छ, सरळ होती. तीन किलोमीटरला अडीच तास लागले.

जूनचा मध्य होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी लख्ख ऊन. पहिला अर्धा किलोमीटर खडी होती, मग खडी संपली आणि नुसती माती सुरू झाली. इथले लोक तिला गंबो म्हणतात. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर चप्पल कशी पावलागणिक जड होत जाते, ते ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ही माती चाकाला लागते, चाक फिरलं की मडगार्डखाली जाऊन बसते, आणि वीसेक फुटांत चाक जाम होतं. आम्ही काटक्यांनी खरवडली, बोटांनी काढली, शेवटी मडगार्ड सोडवून सामानाला बांधले. तरी दर पन्नास पावलांवर थांबणं आलंच. उचलावी म्हटलं तर पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लावलेली सायकल चिखलासकट उचलवत नाही. मी आणि मैत्रीण एकेक सायकल दोघींनी धरून नेत होतो, म्हणजे तीच वाट तीनदा.

तिथे उभं राहून मला एक गोष्ट उमगली, आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. आम्ही ज्या पट्ट्यात अडकलो होतो तो वहिवाटीने पडलेला रस्ता नव्हताच. सरकारी मोजणीत जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन आखले आणि त्यांच्यामध्ये भविष्यातल्या रस्त्यांसाठी पट्ट्या राखून ठेवल्या, त्यातली ती एक पट्टी. रोड अलाउन्स. नदी कुठून वळते, पाणी कुठे साचतं, याच्याशी तिचा काही संबंध नाही. बातोशची सगळी लढाई याच रेघांवरून झाली.

इथे मेटी लोक राहायचे, म्हणजे इथल्या मूळ क्री-ओजिब्वे जमातींतल्या आयांची आणि बहुतेककरून फ्रेंच व्यापाऱ्यांची लेकरं-नातवंडं. त्यांची शेतं नदीला काटकोनात, अरुंद आणि लांब. प्रत्येकाला पाणी, प्रत्येकाला झाडी, मागे गवताचं रान, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. ओटावाच्या केंद्र सरकारचे मोजणीदार १६० एकरांचे चौकोन घेऊन आले की ही वस्ती कागदावर मोडतेच. हे पूर्वी पूर्वेकडे, रेड रिव्हर नदीकाठच्या मेटी वस्तीतही घडलं होतं. तिथे ऑक्टोबर १८६९ मध्ये मेटी पुढारी लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवून काम थांबवलं. त्यातून १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, पण कबूल केलेली जमीन बहुतेकांच्या हाती टिकली नाही. बरीच कुटुंबं पश्चिमेला इथे आली, आणि इथेही तेच. अर्जांवर अर्ज गेले. १८८४ मध्ये इथला मेटी पुढारी गॅब्रिएल द्युमाँ घोड्यावरून अमेरिकेतल्या मोंटानाला गेला आणि शाळेत शिकवणाऱ्या रिएलला घेऊन आला. मार्च १८८५ मध्ये त्यांनी हंगामी सरकार उभारलं. ९ ते १२ मे या चार दिवसांत कॅनडा सरकारच्या जनरल मिडलटनच्या सुमारे नऊशे सैनिकांपुढे ते मोडलं. शेवटी बंदुकीत घालायला खिळे आणि खडे उरले होते. सैन्य पश्चिमेत लवकर पोचलं ते अर्धवट बांधलेल्या रेल्वेमुळे. त्या रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबरला ठोकला, आणि १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायनात फाशी दिली.

त्यानंतर ज्यांची जमीन गेली, ज्यांची स्क्रिपची, म्हणजे जमिनीच्या हक्काची सरकारी कागदं दलालांनी कवडीमोलाने घेतली, त्यांनी झोपड्या कुठे घातल्या? याच पट्ट्यांवर. त्यांना नावच पडलं रोड अलाउन्स पीपल. जमिनीचा कर भरत नाहीत म्हणून त्यांच्या मुलांना अनेक ठिकाणी शाळेत घेत नसत. सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. त्या चिखलात दीड तास झाल्यावर तर मला ते अंगाने कळलं: इथे पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, हिवाळ्यात, लेकरं घेऊन.

आता बाकीचं. सस्कॅटून ते बातोश साधारण ८८ किलोमीटर. बस शोधत बसू नका. प्रांताची सरकारी बससेवा २०१७ मध्येच बंद झाली, आणि जुन्या ब्लॉगांवरच्या बसच्या वेळांनी आमचा एक दिवस खाल्ला. पहिल्या दिवशी हायवे ११ ने रॉस्थर्न. सपाट, रुंद, बाजूला डांबरी पट्टी. या हायवेला आज लुई रिएल ट्रेल असं नाव आहे. आणखी काही सांगण्यासारखं नाही. वारा मात्र बघून निघा, उत्तर-पश्चिमेचा असेल तर चढापेक्षा वाईट. पाणी रॉस्थर्नला भरून घ्या, पुढे भरवशाचं काही नाही.

बातोश उन्हाळ्याच्या मोसमापुरतंच उघडं असतं, तारखा निघायच्या आधी तपासा. चर्च बघा, पाद्र्यांच्या घराच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत त्या जवळ जाऊन बघा, पण सगळा वेळ तिथे घालवू नका. सरळ कब्रस्तानात जा. द्युमाँची कबर उंच काठावर आहे, खाली नदी. लढाईत पडलेल्यांची सामायिक कबरही तिथेच. काठावरून नदीचा तो टप्पा बघा: नॉर्थकोट नावाची आगबोट सैन्याने नदीच्या वरच्या अंगाने सोडली तेव्हा मेट्यांनी नदी ओलांडायच्या तराफ्याची आडवी तार खाली ओढून तिची धुराडी पाडली. आम्ही दोन तास धरले होते, पाच लागले. एक अख्खा दिवस ठेवा. जुन्या फलकांवर ‘बंड’ वाचाल, मेटी लोक ‘प्रतिकार’ म्हणतात. मी आता तेच म्हणते. पँट मोज्यात खोचा, गवतात गोचिड्या असतात. आम्हाला संध्याकाळी अंगावर सहा गोचिड्या मिळाल्या.

परतीला २२५ आणि ३१२. दीड तासात रॉस्थर्न. वाटेत ऊन आणि वारा होता, त्यामुळे फ्रेमवरचा चिखल वाळला, आणि तिथेच चूक झाली. तो ओला असतानाच पाण्याने काढा, पिण्याचं घालवावं लागलं तरी चालेल. वाळल्यावर तो चेनच्या कड्यांत विटेसारखा बसतो. माझी चेन दुसऱ्या दिवशी ओस्लर गावाच्या अलीकडे तुटली.