विरदेलचे आम्ही, पण कुठल्या विरदेलचे?

माय, म्हणजे माझी आजी, शेवटपर्यंत एकच सांगायची, "आपन विरदेलना शेतस." सगळं आयुष्य अमळनेरात गेलं, पण मूळ गाव विचारलं की विरदेल. आप्पांनी तेच ऐकलं, भावाने पोराच्या जात पडताळणीच्या अर्जात तेच लिहिलं आणि तिथून आमची वणवण सुरू झाली.

कुणबी असल्याचा पुरावा हवा 1967च्या आधीचा, आणि जितका जुना तितका बरा. विरदेल धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात आहे. भाऊ आणि मी दोनदा जाऊन आलो. आमच्या आडनावाची घरं निघाली, पण भाऊबंदकी काही जुळेना. पारावरच्या एका बाबांनी चहा पाजला आणि वर सांगितलं, "तुमी आमच्यातले नाहीत, ताई. असते तर लग्नाच्या पत्रिका आल्या असत्या." बिनतोड मुद्दा. त्र्यंबकेश्वरचे तीर्थपुरोहित घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवतात, तिथल्या गुरुजींनीही वही उघडून पाहिली. त्यांचा सगळा शोध गाव आणि आडनाव यांवर चालतो. विरदेलच्या पानांवर आमचं कुणी नव्हतं. आप्पा म्हणाले, माय चुकली असेल. मला ते लागलं. कुणाच्या लग्नात कुणी किती आहेर केला हे जिला चाळीस वर्षांनी आठवायचं, ती गावाचं नाव चुकेल?

मग दिवाळीच्या आवराआवरीत वहिनीला मायच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, एक कागद सापडला. राणीच्या छापाचा स्टॅम्प, घड्यांवर फाटलेला, सगळा मोडी लिपीत. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं शक्यतो हात न उचलता लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. आमच्या धाकट्या काकांना मोडीची चार अक्षरं लागतात, त्यांनी मधलं "विरदेल" तेवढं ओळखलं आणि घरात पेढे यायचे बाकी राहिले.

पुरता कागद वाचून घ्यायला आम्ही धुळ्याला गेलो. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली तिथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे आणि मोडी वाचणारी जुनी माणसंही अजून सापडतात. आम्हाला भेटले ते निवृत्त मास्तर. भिंग घेऊन त्यांनी वरून सुरुवात केली. "शके 1803, वृषनाम संवत्सरे. अठ्ठ्याहत्तर मिळवा, म्हणजे 1881." गहाणखत होतं. लिहून घेणार सावकार, लिहून देणार आमचा मूळपुरुष, जात कुणबी, धंदा शेती. भावाने तिथेच सुटकेचा श्वास सोडला. पण मास्तरांचं बोट पुढे एका जागी थांबलं. "मौजे अमुक, तालुके विरदेल, जिल्हे खानदेश. अहो ताई, विरदेल तुमचं गाव नाही. तालुका आहे तुमचा."

(गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या एका बांधावरून भाऊबंदांत आधीच वाद चालू आहे, त्यात आमची भर नको. बुराई नदीच्या बाजूचं आहे एवढं पुरे.)

मास्तरांनी मग जे सांगितलं ते खानदेशातल्या कुणालाही उपयोगी पडेल. 1880च्या गॅझेटियरात, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, खानदेशचे तालुके पाहिले तर आजची अर्धी नावं दिसतच नाहीत. शिंदखेडा नाही, विरदेल आहे. साक्री नाही, पिंपळनेर आहे. रावेर नाही, सावदा आहे. एवढंच काय, जळगावचा तालुका नाही, तो नशिराबाद! त्यामुळे "आम्ही पिंपळनेरचे", "आम्ही सावद्याचे" असं घरात चालत आलेलं असेल तर ते गाव की तालुका, हे आधी तपासा. जिल्ह्याचंही तसंच. 1869 साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण, नांदगाव तिकडे गेले. 1906 साली उरलेल्या खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, 1960 साली त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. आमचं मूळ गाव पश्चिमेत, अमळनेर पूर्वेत. म्हणून पणजोबांच्या एका दाखल्यावर "प. खा." आणि दुसऱ्यावर "पू. खा." एका कार्यालयातल्या बाबूने तर "असा जिल्हाच नाही" म्हणत अर्ज परत केला होता.

गाव आणि तालुका दोन्ही नक्की कळल्यावर पुढचं झपाट्याने झालं. शिंदखेड्याला अर्ज, आठवडाभर वाट, मग त्या गावचं कोतवाल बुक. गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची वही. 1897 सालच्या पानावर बापाच्या रकान्यात खापरपणजोबांचं नाव, जात कुणबी. पोराचं काम झालं.

मी मात्र त्या ओळीवरून हलेना. जन्म त्यांच्या मुलीचा होता. नावाच्या जागी नुसतं "मुलगी". आमच्या वंशावळीत अशी कुणी नाहीच, पण वंशावळीत मायचंही नाव नाही, तिथे फक्त बाप्ये. दोन वर्षांनी 1899-1900चा मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमाराला सुरतेहून अमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि आमचे लोक तिच्या आसऱ्याने अमळनेरला सरकले. ती बरोबर आली का? मृत्यूच्या वहीची त्या वर्षांची पानं वाळवीने खाल्लेली.

काल त्र्यंबकला फोन लावला. गुरुजी म्हणाले, "तुमचं विरदेल मागेच पाहिलंय, ताई." म्हटलं, विरदेल ठेवा बाजूला, मी सांगते ते गाव काढा. आणि बायकांची नावं असतील तर तीही वाचा.